मंगळवारचं म्युझियम

खतीबचाचा कुठलीही वस्तू आधी बोटाच्या पेराने ठोकून बघतात आणि मगच तिच्याविषयी मत देतात. कलिंगड सगळेच ठोकतात. चाचा दार ठोकतात, भिंत ठोकतात, दुसऱ्याच्या गाडीचं बॉनेट ठोकतात. आम्ही नवा सोफा आणला त्या दिवशी ते वर आले, बसण्याआधी वाकून त्याच्या पाठीवर टकटक केलं, कान लावला आणि माझ्या बायकोला म्हणाले, "आत पुठ्ठा आहे. दिसायला बरा आहे, राहू दे." सुजाता पुढे कितीतरी दिवस त्या सोफ्यावर अवघडूनच बसत होती.

आम्ही दुबईपासून दीड तासावर, अल ऐनला राहतो. एका जुन्या व्हिलाचे मालकाने दोन भाग केलेत. वर आम्ही, खाली खतीब. मी चिपळूणचा, ते श्रीवर्धनजवळचे. परदेशात नातं लागायला एवढं पुरतं. मी इथल्या एका हॉस्पिटलात एक्स-रे आणि सीटी स्कॅन काढतो. ड्युटी बहुतेक दुपारची, म्हणून सकाळी मोकळा असतो. चाचांची नजर अधू झाल्यावर त्यांचं लायसन्स रिन्यू झालं नाही, आणि या गावात गाडीशिवाय दूध आणणंही अवघड. त्यामुळे मी त्यांचा ड्रायव्हर नेमका कधी झालो हे मला सांगता येणार नाही. त्यांनी विचारलं नव्हतं. एक दिवस खाली आलो तर ते माझ्या गाडीत बसलेले होते.

चाचा मरीन सर्व्हेयर होते. बोटीतून उतरलेला माल फुटलेला, भिजलेला, चेपलेला निघाला, की विमा कंपनीच्या वतीने जायचं आणि नुकसान किती, कशाने झालं, चूक कोणाची हे ठरवायचं. मुसफ्फा या इथल्या कारखान्यांच्या भागात ऑफिस, तिथेच चार-पाच जणांच्या खोलीत बिऱ्हाड. जन्मभर फुटकं बघून बघून धड असलेल्या गोष्टींवरचा त्यांचा विश्वासच उडाला होता. "कसा आहेस" हे त्यांनी मला कधी विचारलं नाही. जिन्यात भेटले की डोक्यापासून पायापर्यंत बघायचे आणि रिपोर्ट द्यायचे, "मिलिंदा, डावा खांदा उतरलाय. झोप कमी." आमच्या ओळखीतल्या एका लग्नात ते स्टेजवर जाऊन आले तेव्हा मी विचारलं, जोडपं कसं वाटलं? "पॅकिंग चांगलं आहे," म्हणाले. "आतलं उघडल्यावर कळेल."

हमीदाचाची, म्हणजे त्यांच्या बायको, अगदी उलट. त्यांना जग धडच दिसायचं, आणि दिसेल त्याच्याशी त्या बोलायच्या. चाचा इकडे असताना त्यांनी गावाकडे सासू-सासरे सांभाळले, नारळाची वाडी सांभाळली, मुलाला, इमरानला, वाढवलं. इमरान आता दुबई सिलिकॉन ओएसिसमध्ये नोकरीला आहे, त्याची बायको नाझनीन इथे शाळेत शिकवते, म्हणून घर अल ऐनला. अंधार असतानाच गाडी काढून तो जातो आणि अंधार पडल्यावर येतो. चाचा रिटायर झाल्यावर त्याने आईलाही बोलावून घेतलं. इतक्या वर्षांनी नवरा-बायको एका छपराखाली आले. त्या हिवाळ्यात चाची अंगणात खुर्ची टाकून बसायच्या आणि वर गॅलरीत कपडे वाळत घालणाऱ्या सुजाताशी तासन् तास गप्पा मारायच्या. वाडीतल्या माणसांची नावं आम्हाला पाठ झाली होती. चाचा आतून ओरडायचे, अगो, माणसाला कामं असतात. चाची म्हणायच्या, "तुमास बोलाया कोण बोलवतंय?"

उन्हाळा यायच्या आत चाचींना स्ट्रोक आला.

त्या दुपारी स्कॅन मीच काढला. असं होऊ नये, ओळखीचं माणूस मशीनवर येऊ नये, पण ड्युटी माझीच होती. काळा डाग मेंदूच्या डाव्या बाजूला, जिथून माणसाची बोली येते त्या जागी होता. हात-पाय वाचले. आठवड्यात चाची चालायला लागल्या. समोरचं बोललेलं बरंचसं समजायचं, पण स्वतःचं बोलणं गेलं. एकच शब्द उरला, "हां". चहा हवा? हां. चहा नको? हां. पाठ दुखते का? हां. दुखत नाही ना? हां. आणि हा "हां" प्रत्येक वेळी त्यांना हवा तो नसायचा, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसायचं. मग त्या तोंड फिरवायच्या.

घरातले सगळे त्यांच्या वतीने बोलायला लागले. नाझनीन म्हणायची, अम्मीला भात नकोय. नात झारा टॅबवरून डोकं न उचलता म्हणायची, "दादी डझन्ट लाइक दॅट." पाहुणे यायचे ते मोठ्या आवाजात बोलायचे, जणू त्या बहिऱ्या झाल्यात. हळूहळू चाची पाहुणे आले की आत जाऊन झोपायला लागल्या. मग पाहुणे नसतानाही. केस विंचरेनात, जेवण दोन घासांवर आलं.

आणि चाचांनी सर्व्हे सुरू केला. रोज सकाळी टेबलावर वस्तू मांडून बसायचे. चमचा, किल्ली, कंगवा, कांदा. एकेक वस्तू चाचींच्या डोळ्यांसमोर धरायचे. "हे काय? बोल गो. सोपं आहे. च... च..." चाची म्हणायच्या, हां. चाचा वस्तू खाली ठेवायचे, पुढची उचलायचे. त्यात राग नव्हता, पण बंदरावरच्या पेट्या उघडून बघतात तसला चिवटपणा होता. एके दिवशी चाचींनी तो कांदा उचलून भिंतीवर मारला आणि बाथरूमची कडी लावून बसल्या. चाचा बाहेर उभे राहून दार ठोकत होते. त्या दिवशी त्यांनी ठोकण्यातून काय ऐकलं कोण जाणे. दुसऱ्या दिवशी टेबल रिकामं होतं.

म्युझियमचं सुचवलं ते हॉस्पिटलातल्या स्पीच थेरपिस्टने. गावातल्या खजुरीच्या ओएसिसच्या कडेला एक जुनं म्युझियम आहे, तिथे दर मंगळवारी सकाळी वयस्कर आणि आजारी माणसांसाठी एक बैठक असते. जुन्या वस्तू हाताळायच्या, हाताने काही करायचं, कॉफी प्यायची, घरी जायचं. थेरपिस्ट म्हणाली, घराबाहेर पडतील, मन रमेल. चाचांनी ते माझ्याकडे बघून ऐकलं, जणू मीच कट केला होता. गाडीत म्हणाले, "औषध संपलं वाटतं यांच्याकडचं. आता मडकी दाखवणार."

खरं सांगायचं तर मलाही विश्वास नव्हता. मी दवाखान्यातला माणूस. फिल्मवरचा डाग कॉफी पिऊन पुसला जात नाही एवढं मला कळतं. पण नाझनीनने हात जोडले, म्हणून पहिल्या मंगळवारी मी दोघांना घेऊन गेलो.

एक मोठी गार खोली, जमिनीवर गालिचा, कडेने खुर्च्या. बैठक चालवणारी रीम नावाची लेबनीज मुलगी. एक पठाण बाबा होते, त्यांचे हात थरथरायचे. एक इजिप्शियन बाई होती, नवरा गेल्यापासून ती घरात एकटी होती. आणि गालिच्यावर मधोमध मांडी घालून बसलेली उम्म सैफ, इथलीच म्हातारी, चेहऱ्यावर जुन्या बायका घालतात तो मुखवट्यासारखा सोनेरी चमकीचा बुरखा. ती पेशंट नव्हती. खजुरीच्या पातींचं विणकाम शिकवायला तिला बोलावलं होतं. तिला अरबीशिवाय काही येत नव्हतं. पठाणाला पश्तो आणि मोडकी हिंदी, इजिप्शियन बाईची अरबी उम्म सैफला निम्मीच कळायची. त्या खोलीत कोणालाच कोणाचं धड समजत नव्हतं. सगळे खुणा करत होते, हसत होते, चुकत होते.

चाची दारात थांबल्या, हे सगळं बघितलं आणि आत जाऊन गालिच्यावर बसल्या. तेव्हा माझ्या लक्षात आलं की कितीतरी दिवसांनी त्या अशा ठिकाणी आल्या होत्या, जिथे बोलता न येणं ही फक्त त्यांचीच अडचण नव्हती.

चाचांना मात्र राहवेना. रीमने चाचींच्या हातात एक जुनी पितळी कॉफीची किटली दिली. चाचा खुर्चीवरून पुढे झुकले, "बोल, काय हे? कि... कि..." रीमने गोड हसून त्यांना थांबवलं. पाच मिनिटांनी पुन्हा. तिसऱ्यांदा ती त्यांना हळूच म्हणाली की सर, तुम्ही म्युझियम बघितलं का? फार छान आहे. थोडक्यात, खतीबचाचांना वर्गाबाहेर काढण्यात आलं, आणि त्यांच्यावर लक्ष ठेवायला मला.

पहिल्याच दालनात त्यांनी काचेची पेटी ठोकली. गार्ड धावत आला, बिचारा केरळचा होता. चाचांनी त्याला हिंदीत विचारलं, ये मटका कब टूटा? इधर लाते टाइम, या पहले से टूटा था? गार्ड म्हणाला, सर, ये हजारों साल पुराना है, कबर में मिला. चाचांनी वाकून ते सांधलेलं मडकं नीट बघितलं. "मग क्लेम टाइम-बार झाला," मला मराठीत म्हणाले, आणि पुढच्या मडक्याकडे गेले. त्या दिवशी त्यांनी अख्खं दालन तपासलं. कट्यारीची मूठ बदललेली, मण्यांच्या माळेत शॉर्टेज, एका रांजणाला घाईत केलेलं रिपेअर. गार्ड आमच्या मागोमाग चालत होता. शेवटी तोच त्यांना विचारायला लागला की सर, ये वाला?

आम्ही परत आलो तेव्हा खोलीत वेगळंच चाललं होतं. उम्म सैफने भिजवलेल्या पाती सगळ्यांपुढे ठेवल्या होत्या. पठाण बाबा गाठी मारत होते, इजिप्शियन बाई हसून हैराण झाली होती. आणि चाची विणत होत्या. मान खाली, बोटं भराभर चाललेली, एक पात वर, एक खाली. आमच्याकडे नारळाच्या झावळीचे झाप विणतात, मांडवाला, पडवीला. चाचींनी जन्मभर ते केलं होतं. खजुरीची पात अरुंद, वीण वेगळी, तरी हातांना रस्ता सापडला होता. उम्म सैफने त्यांची पट्टी हातात घेतली, ओढून बघितली, आणि स्वतःच्या पट्टीला जोडून टाकली.

मग मंगळवार हा त्या घरातला सण झाला. चाचांनी "मडकी" म्हणणं सोडलं नाही, पण सकाळी ते माझ्याआधी गाडीपाशी हजर असायचे. चाचींचं बोलणं आलं नाही. सांगायला हवं म्हणून सांगतो, कारण अशा गोष्टींत शेवटी शब्द फुटतो असं लोकांना वाटतं. शब्द एकही आला नाही. पण सोमवारी रात्री त्या केसांना तेल लावायला लागल्या. जेवण वाढलं. झोपेची अर्धी गोळी डॉक्टरांनी बंद केली. पाहुणे आले तर बाहेर येऊन बसायच्या आणि हातात पातींचं काही ना काही असायचं. नाझनीनच्या डायनिंग टेबलावर, फ्रिजवर, झाराच्या सायकलला, सगळीकडे छोट्या परड्या लटकल्या. झाराने एकदा टॅब बाजूला ठेवून विचारलं, "दादी, कॅन यू मेक मी वन फॉर स्कूल?" चाची म्हणाल्या, हां. तो "हां" बरोबर होता.

एकदा परतताना आम्ही रस्त्याकडेच्या कॅफेटेरियाबाहेर गाडी थांबवून करक, म्हणजे इकडचा दाट दुधाचा चहा घेत होतो. चाची मागे डुलकी घेत होत्या. चाचा कागदी कप हातात फिरवत बसले होते. मग म्हणाले, "आज त्या म्हातारीने काहीतरी म्हटलं आणि हमीदा खदखदून हसली. मी विचारलं काय म्हटलं, तर दोघींनी मला हाताने जा म्हटलं." मला हसू आलं, पण त्यांचा चेहरा बघून मी ते गिळलं.

"घरी नाही हसत ती," ते म्हणाले. "माझ्यासमोर नाही हसत."

पुढच्या सप्टेंबरात, उकाडा अजून हटलेला नव्हता तेव्हा, दुसरा स्ट्रोक आला. त्या वेळी ड्युटी माझी नव्हती, तेवढं बरं. या वेळी उजवा हात गेला. पूर्ण. पायही ओढायला लागला.

वॉर्डाबाहेरच्या खुर्च्यांवर मी चाचांजवळ बसलो. इमरान डॉक्टरांशी बोलत होता. चाचांनी बोलायला सुरुवात केली, माझ्याकडे न बघता. मुसफ्फात असताना फोनसाठी रांग लागायची, म्हणाले. मागे माणसं उभी, खोकत, घड्याळ बघत. अब्बांची तब्येत, इमरानची फी, नारळ किती उतरले, एवढं विचारेपर्यंत वेळ संपायचा. नंतर मोबाइल आले, तर खोलीत चार माणसं झोपलेली. हमीदा विचारायची, तुम्ही बरे आहात ना? मी म्हणायचो, बरा आहे. एकदा बंदरावर माझ्यासमोर एक पोरगा क्रेनखाली गेला. तेव्हाही म्हणालो, बरा आहे. तिची आई वारली तेव्हा मी जाऊ शकलो नाही. तेव्हा ती रडत होती आणि मी विचारत होतो, पावसाळ्याआधी छप्पर शाकारलं का.

"मी म्हणायचो, आलो की बोलू. सगळं नीट बसून बोलू. तिनेही साठवून ठेवलं असेल ना रे काही?"

इमरान डॉक्टरांशी बोलून परत आला आणि चाचा उठून त्याच्याबरोबर आत गेले.

चाची घरी आल्या, पण मंगळवार बंद झाला. मी दोनदा विचारलं. चाचा म्हणाले, आता कशाला? तिथे सगळ्या हाताने करायच्या गोष्टी. ती बसून बघत राहणार आणि लोक तिची कीव करणार. रीमचे फोन आले, नाझनीनने घेतले, ताकद आली की येऊ म्हणाली. चाची पलंगावर भिंतीकडे तोंड करून असायच्या. परड्या वाळून कडक झाल्या, एकेक करून झाराने आपल्या खोलीत नेल्या. चाचा अंगणात बसायचे आणि मला बघून माझ्या खांद्याविषयीसुद्धा काही म्हणायचे नाहीत. मला फार चुकल्याचुकल्यासारखं वाटायचं.

एका मंगळवारी सकाळी व्हिलासमोर एक मोठी पांढरी गाडी येऊन थांबली. चालवणारा तरुण उतरला, त्याने मागचं दार उघडलं आणि हात धरून उम्म सैफला उतरवलं. पुढच्या सीटवरून रीम उतरली. उम्म सैफच्या कुशीत ओल्या फडक्यात गुंडाळलेलं बोचकं होतं. मी जिन्यावरून धावत खाली आलो. चाचा बनियनवर होते, ते शर्ट शोधायला आत पळाले. रीम मला म्हणाली की तिने यांना फक्त सांगितलं होतं की हमीदा येऊ शकत नाही. तर या म्हणाल्या, मग आपण जाऊ.

उम्म सैफ सरळ आतल्या खोलीत गेली. पलंगावर बसली नाही. खाली सतरंजीवर बसली आणि वर बघून चाचींच्या पायाला हात लावला. चाचींनी वळून बघितलं. मग त्यांनी डोळे मिटले आणि त्यांच्या गालावरून पाणी वाहायला लागलं. उम्म सैफने बोचकं सोडलं. खोलीभर भिजलेल्या पातीचा वास पसरला. मी आणि रीमने मिळून चाचींना खाली उतरवलं, पाठीला उशी लावली.

उम्म सैफने चार पातींचं टोक बांधून त्यांच्या डाव्या हातात दिलं. चाचींनी ते धरलं. उजवा हात मांडीवर तसाच पडून होता. त्यांनी एक पात दातात धरून बघितली, सुटली. पुन्हा धरली, पुन्हा सुटली. त्यांनी टोक खाली टाकलं.

चाचा दारात उभे होते, शर्टाची बटणं वरखाली लागलेली. उम्म सैफने त्यांच्याकडे बघितलं. मग आपल्या शेजारी नाही, तर चाचींच्या उजव्या बाजूच्या रिकाम्या जागेवर तिने हाताने थापटलं.

"यल्ला," ती म्हणाली.

मला वाटलं चाचा काहीतरी सांगतील, गुडघ्याचं, चहाचं. ते आले, भिंतीला धरून कष्टाने खाली बसले, खांद्याला खांदा लागेल इतके जवळ. चाचींनी टोक डाव्या हातात घट्ट धरलं. चाचांनी उजव्या हाताने एक पात उचलली आणि ती कुठे न्यायची ते न कळून तशीच धरून ठेवली. चाचींनी डोळ्यांनी दाखवलं. वर. मग खाली. मग वर. पट्टी वाकडी व्हायला लागली. उम्म सैफ आपलं विणत बसली, त्यांच्याकडे बघेनाशी झाली. रीम हलकेच बाहेर गेली. मीही निघालो, तेव्हा चाचा खालच्या आवाजात बोलायला लागले होते.

चाचींना काही विचारत नव्हते ते, आपलंच सांगत होते. बंदर, उन्हाळा, क्रेन, एक पोरगा, त्याचं नाव. त्या रात्री जेवण गेलं नाही आणि फोनवर तुला खोटं सांगितलं, ते. बोलता बोलता हात चुकला आणि त्यांनी एक वेढा उलटा घातला. चाचींनी टोक गुडघ्याखाली दाबलं, डाव्या हाताने तो वेढा सावकाश उसवला, पात सरळ केली आणि परत त्यांच्या बोटांत दिली. मग मान कलती करून, पुढचं ऐकायला, त्या थांबून राहिल्या.